गोकर्णीचा निळा

कावालूत रंगावरून वाद झाला की तो मिटायला एंतिनच्या अंगणात यायचा. गावात घरटी भरतकामाचं एक तरी मशीन. कुणाकडे डोक्यावरच्या ओढण्यांना काठ चाललेत, कुणाकडे नमाजाच्या पांढऱ्या झग्यांवर वेलबुट्टी, कुणाकडे शाळांचे आणि कारखान्यांचे बिल्ले. दोन कारागिरांत जुंपली की तिसरं कुणीतरी म्हणायचं, "उगीच घसा कशाला कोरडा करता? चला चेउ एंतिनकडे." चेउ म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा तिला चेउच म्हणायची. ती रांबुतानच्या झाडाखाली बाकावर बसायची, दोरा बोटाभोवती शेजारी शेजारी चपटा गुंडाळायची, नमुन्याच्या कापडावर टेकवायची, मान एकदा इकडे, एकदा तिकडे करायची आणि म्हणायची, "हा." त्यावर मग कुणी बोलत नसे.

नवरा गेल्यावर एंतिनने पायमशीन विकून बऱ्याच सुयांचं संगणकी मशीन घेतलं होतं. तिचा मुलगा देदेन बेकासीच्या एका कारखान्यात होता, सणासुदीला घरी यायचा. घर आणि काम दोन्ही सांभाळायची ती सून पिपित. नक्षी संगणकावर बसवणं, मशीन लावणं, गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणं हे पिपितचं, रंग एंतिनचा. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती, आपोआप झाली होती. मदतीला इरोह नावाची शेजारीण यायची. ती कपडे चौकटीत ताणून बसवायची आणि दिवसभर गुणगुणायची.

त्या वर्षी उपवासाचा महिना संपल्यावर बस कंपनीची रेंगानिस आली. कंपनीचं नाव केंबांग तेलांग, म्हणजे आपलं गोकर्णीचं फूल. इतकी वर्षं त्यांच्या गाड्या फुलाचं नाव लावून हव्या त्या निळ्या रंगात धावत होत्या. जो रंग ज्या दिवशी दुकानात मिळाला तो. आता म्हाताऱ्या मालकाची मुलगी कारभार बघायला लागली होती आणि तिने सगळ्याला एकच रंग ठरवून टाकला होता. गाड्या, तिकिटं, पाट्या आणि चालक-वाहकांचे सदरे, सगळीकडे तोच गोकर्णीचा निळा.

सदऱ्यांवर भरायच्या फुलासाठी रेंगानिसने पिशवीतून जाड कागदाची रंगपट्टी काढली. त्यावर निळ्याचा एक चौकोन आणि खाली त्याचा क्रमांक.

"चेउ, आमच्या मॅडमनी सांगितलंय, बाकी काही इकडचं तिकडे झालं तर चालेल, पण हा निळा हलता कामा नये."

"हलेल कशाला? त्याला काय पाय आहेत?" एंतिन म्हणाली आणि इरोह खुदकन हसली.

"हसू नका हो. दोन ठिकाणी करून बघितलं. एकाने आकाशी केला, दुसऱ्याने शाळेच्या गणवेशाचा. मग रेल्वे फाटकाजवळच्या चहावाल्याने सांगितलं, कावालूला जा."

एंतिनला बरं वाटलं. तिने पट्टी घेतली, बाकाच्या टोकाला सरकली, दोऱ्यांची रीळं मागवली. हल्ली उन्हात बसलं की डोळ्यांपुढे चुलीच्या धुरासारखं काहीतरी तरळायचं, म्हणून ती सावलीत थोडी आत सरकली. मान इकडे केली, तिकडे केली. नेहमीपेक्षा वेळ लागला. शेवटी एक रीळ उचलून तिने वर धरलं.

"हा."

पिपित दारात उभी होती. तिची पिशवी भरून तयार होती. गारुतला धाकट्या बहिणीचं लग्न होतं. ती रिळाकडे बघत राहिली.

"एमा," ती म्हणाली. एमा म्हणजे आई. "मी आल्यावर लावू या का हे? घाई कशाला?"

"तू नसलीस तर मशीनला सुया टोचायला जमणार नाही की काय? नक्षी बसवून दिलीस ना? इरोह आहे, मी आहे."

"तसं नाही, पण..."

"पण काय, नेंग?" एंतिन सुनेला लाडाने नेंग, म्हणजे पोरी, म्हणायची. "तुझी बस चुकेल. विहीणबाईंना माझा सलाम सांग, आणि येताना गारुतचे गोड दोदोल आण. कडक नको, मऊ बघून आण."

पिपितने एकदा रिळाकडे बघितलं, एकदा सासूकडे, आणि पिशवी उचलून निघाली. फाटकाशी जाऊन पुन्हा वळली. एंतिनने हाताने तिला हाकललं, कोंबडीला हाकलावं तसं. मग हाजी ओमोच्या दुकानात जाऊन तिने बोट दाखवून त्याच रंगाची आणखी रीळं आणली.

सदऱ्यांचा पहिला गठ्ठा भरून झाला आणि रेंगानिस तो न्यायला आली. एंतिनने चहा आणि तळलेल्या तांदळाच्या चकत्या पुढे ठेवल्या. रेंगानिसने गठ्ठा सोडला, वरचा सदरा उचलला. तिने चकतीकडे गेलेला हात मागे घेतला. दुसरा सदरा काढला. तिसरा.

"चेउ," ती हळू आवाजात म्हणाली, "हा जांभळा आहे."

"काय?"

"जांभळा. वांग्यासारखा."

एंतिन हसली. "मुली, घरात दिव्याची नळी लावलीय. नळीच्या उजेडात निळा असाच दिसतो. बाहेर चल."

दोघी अंगणात आल्या. रेंगानिसने रंगपट्टी काढून सदऱ्यावरच्या फुलाला चिकटवून धरली. एंतिन वाकून बघायला लागली. एक काळपट निळा चौकोन, शेजारी काळपट निळं फूल. दोन्ही एकच.

"एकच तर आहे!"

रेंगानिसने पट्टी खाली घेतली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर एंतिनला सोपं गेलं असतं. राग नव्हता. ती गोंधळली होती. वयाने मोठ्या बाईला खोटं पाडायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.

"इरोह!" एंतिनने हाक मारली. "ये इकडे. सांग, एकच आहे की नाही?"

इरोह आली, तिने बघितलं, आणि तिचं गुणगुणणं थांबलं. "मला बाई त्यातलं काय कळतं," ती पुटपुटली आणि ओढणीच्या टोकाशी खेळायला लागली. इरोहला बाजारात मिरच्यांच्या दोन ढिगांतला फरक लांबून कळतो, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"कागदावरची शाई आणि दोरा कधी तंतोतंत जुळत नसतात," एंतिन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "दोऱ्याला चकाकी असते. तुमच्या पट्टीचीच छपाई चुकली असेल. नाहीतर त्या हाजीने मला दुसरंच रीळ बांधून दिलंय. मी विचारते त्याला!"

"चेउ, मी ऑफिसात आज काही सांगत नाही," रेंगानिस म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नवीन गाड्या रस्त्यावर येतायत. त्याआधी बघा काय जमतं ते." तिने गठ्ठा पुन्हा नीट बांधून बाकावर ठेवला आणि गेली. चहा तसाच राहिला.

एंतिनने ओढणी डोक्यावर घेतली आणि रीळ मुठीत धरून थेट हाजी ओमोच्या दोऱ्याच्या दुकानाची वाट धरली. डोकं तापलं होतं. आयुष्यात कुणी तिच्या रंगाला नाव ठेवलं नव्हतं.

हाजी ओमो गल्ल्यावर बसून रेडिओवर कव्वाली ऐकत होता. जाडजूड, गोड बोलणारा माणूस. एंतिनने रीळ त्याच्यापुढे आदळलं.

"हाजी, मक्केला जाऊन आलास आणि मला जांभळा दोरा निळा म्हणून विकतोस?"

"अस्तगफिरुल्लाह! काय बोलताय, चेउ? तुम्ही जे बोट दाखवून मागितलंत ते मी दिलं."

"मी निळा मागितला."

"तुम्ही हाच मागितलात. मी म्हटलंसुद्धा मनात, घेऊ दे, सूनबाई येईल मागाहून बदलायला."

"कोण येईल?"

हाजीने रेडिओ बारीक केला. आपण काहीतरी बोलायला नको ते बोललो, हे त्याच्या लक्षात आलं. पण तोंडातून निघालेला शब्द आणि रिळावरून सुटलेला दोरा परत गुंडाळता येत नाही.

"पिपित... येते ना ती. तुम्ही घेऊन गेलात की दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी. म्हणते, हाजी, हे ठेवा, ते द्या. मला वाटलं तुम्हीच पाठवता तिला. तुमचा विचार बदलला असेल." तो अवघडून थांबला. "या वेळी नाही आली. लग्नाला गेलीय ना?"

"कधीपासून बदलतेय?"

"आता चेउ, ते मी कशाला लक्षात ठेवू... झालं असेल बरंच. निळे बदलते, जांभळे बदलते. तपकिरी कधी कधी. पिवळे-लाल मात्र तुमचेच असतात."

एंतिन दुकानाच्या पायरीवर बसली. हाजी लगबगीने पाणी घेऊन आला. "काय वाईट वाटून घेताय! सून तुमचीच ना? दुसऱ्याच्या सुनेने बदललं असतं तर गोष्ट वेगळी."

ती पाणी प्यायली नाही. घरी येताना ती रस्त्याच्या कडेने, भिंतीला हात लावत आली. उजेड अजून भरपूर होता.

पिपित परतली तेव्हा एंतिन स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. दोदोलचा पुडा तिने बघितलाच नाही.

"बस," ती म्हणाली.

पिपित बसली. बाकावरचा सदऱ्यांचा गठ्ठा तिने येतानाच पाहिला होता.

"किती दिवस मला खेळवतेयस?"

"एमा..."

"मी अंगणात बसून 'हा' म्हणते, चार लोकांसमोर मान डोलावते, आणि तू माझ्या पाठीमागे जाऊन तो बदलून आणतेस. हाजीला माहीत. इरोहला माहीत असणारच. मशीनलासुद्धा माहीत. एक मीच तेवढी वेडी. शेजारपाजारचे येऊन रंग विचारतात ते? त्यांनाही तूच मागून जाऊन सांगतेस का, सासूचं ऐकू नका म्हणून?"

पिपितच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बोलायची थांबली नाही. "पहिल्यांदा त्या दाईंच्या संस्थेचा बिल्ला होता. तुम्ही निळ्याऐवजी करडा काढलात. मला वाटलं चुकून झालं असेल, म्हणून बदलला. मग पुन्हा झालं. मी सांगणारच होते. रोज ठरवायची. पण सकाळी तुम्ही बाकावर जाऊन बसायच्या, लोक यायचे, तुमचा चेहरा कसा खुलायचा... मी सांगितलं असतं आणि तुम्ही त्या बाकावर बसायचंच सोडून दिलं असतं तर?"

"म्हणून माझी कीव केलीस."

"कीव कशाला करू? मी या घरात आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. माझ्या आईने नाही शिकवलं एवढं तुम्ही शिकवलंत. कीव कसली! भीती वाटली मला."

"तुला कसली भीती? भीती मला वाटायला पाहिजे!" एंतिन ओरडली. आणि ओरडताच तिच्या लक्षात आलं, की आपण खरं बोललो. तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"माझ्या आईला असंच झालं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. "आधी धूर. मग रंग मळल्यासारखे. मग माणसं सावल्यांसारखी. आम्ही म्हणायचो, वय झालं. ओसरीवर बसवून ठेवली. कुणी जवळून गेलं की विचारायची, कोण गं? मरेपर्यंत 'कोण गं, कोण गं'. माझ्या डोळ्यांपुढे धूर आला तेव्हा मला पहिल्याच दिवशी कळलं, काय चाललंय ते. मी स्वतःलाही सांगितलं नाही. नाव घेतलं नाही तर येणार नाही, असं वाटलं."

पिपित उठून तिच्याजवळ येऊन बसली. मशिदीतून दुपारच्या नमाजाची बांग आली आणि संपली.

"दवाखान्यात जाऊ या का?" पिपितने विचारलं.

"आधी बस कंपनीत जाऊ," एंतिन म्हणाली. "हाजीचं रीळ चुकलं, पट्टीची छपाई चुकली, असं काहीबाही बोललेय मी त्या मुलीला. ते आधी निस्तरू दे."

"मी एकटी जाऊन सांगते."

"का? तुझी जीभ माझ्यापेक्षा लांब आहे?"

बस कंपनीचं ऑफिस डेपोतच होतं. डिझेलच्या वासात, रंगाच्या डब्यांच्या रांगेत. रेंगानिस टेबलावरून उठून पुढे आली. एंतिन खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच, एका दमात म्हणाली, "तुझी पट्टी बरोबर होती. हाजीचं रीळही मी सांगितलं तेच होतं. माझे डोळे गेलेत. सदरे उसवून आम्ही नव्याने भरून देतो. रंग माझी सून काढील. तुला दुसरीकडे द्यायचं असेल तर तेही बरोबर आहे, मी काही म्हणणार नाही."

रेंगानिसने आधी खुर्ची ओढली आणि तिला दंडाला धरून बसवलं.

"चेउ, डोळे गेले कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

"धुरासारखं दिसतं? उन्हात जास्त? दिव्याभोवती खळं?"

एंतिनने तिच्याकडे चमकून बघितलं.

"माझे बाबा याच कंपनीत गाडी चालवायचे. सिग्नलचे दिवे त्यांना फुटलेल्या नारळासारखे दिसायला लागले तेव्हा आईने गाडीची किल्लीच लपवली. मोतीबिंदू आहे तो. माझ्या बाबांचा काढला, आता लांबून माझ्या मोबाइलवरचे मेसेज वाचतात. तुमच्या आईच्या वेळची गोष्ट राहिली नाही आता. सरकारी विम्याचं कार्ड आहे ना? शहरातल्या इस्पितळात होतं."

इतके दिवस ज्या गोष्टीचं नाव घ्यायला एंतिन घाबरत होती, तिचं नाव या मुलीने भाजीचा भाव सांगावा तसं सहज घेतलं होतं.

"आणि सदरे?" पिपितने विचारलं.

"सदरे तुम्हीच भरायचे. पण आता मी समोर बसून बघणार," रेंगानिस म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात उसवायचं काम सुरू झालं. भरलेलं फूल उलट बाजूने ब्लेडने खरवडायचं, पुढून दोरे उपसायचे, आणि कापडाला जखम होऊ द्यायची नाही. एंतिन, इरोह आणि शेजारच्या दोन बायका रांगेने बसल्या. या कामात एंतिन सगळ्यांच्या पुढे होती. तिला बघायला लागत नव्हतं, ब्लेड कापडाला टेकलं की बोटाला कळायचं. जांभळ्या दोऱ्यांचा ढीग पायाशी साचला. इरोह पुन्हा गुणगुणायला लागली.

"इरोह," एंतिन मान वर न करता म्हणाली, "मला बाई त्यातलं काय कळतं, असं म्हणालीस ना त्या दिवशी?"

"चेउ, मी घाबरले हो."

"पुढच्या वेळी घाबरलीस तर ब्लेड मारीन."

पिपितने रंग काढला. रेंगानिस शेजारी पट्टी घेऊन बसली होती. पिपितने तीन निळे रिळांतून वेगळे केले, बोटाभोवती गुंडाळले, सासूसारखीच मान इकडे केली, तिकडे केली. एक नक्की केला. रेंगानिस म्हणाली, अगदी हाच. एक सदरा मशीनवर चढला. फूल भरून झालं, आणि दोघींनी ते अंगणात आणून पट्टीशेजारी धरलं तेव्हा दोघींचे चेहरे उतरले.

"काय झालं?" एंतिनने विचारलं.

"रीळ बरोबर आहे, एमा. पण फुलाची एक बाजू उजळ दिसतेय आणि एक काळपट. जणू दोन दोरे वापरलेत."

एंतिनने सदरा मागून घेतला. रंगाकडे तिने बघितलंच नाही. तिने पाकळीवरून अंगठा फिरवला, आधी वरून खाली, मग आडवा.

"नक्षी बसवताना टाके कसे घातलेस? इकडे उभे, आणि इथे येऊन आडवे झालेत."

"पाकळीच्या वळणाने घातलेत. तसे सुंदर दिसतात."

"सुंदर दिसत असतील, पण दोरा म्हणजे मांजराची पाठ. केस ज्या दिशेला, चकाकी त्या दिशेला. सगळी फुलं एकाच तिरकस अंगाने भर. कडेला बारीक शिवण वळणाने दे, म्हणजे वळणही राहील."

पिपित संगणकावर बसली. ते काम तिला येत होतं, एंतिनला कधीच आलं नव्हतं. जेवणाची वेळ होऊन गेली. रेंगानिसने इरोहच्या हातचा तुतुग ओंचोम, तो खमंग मसाल्यात कुटलेला भात, दोनदा वाढून घेतला. दुसरं फूल तयार झालं आणि रेंगानिसने ते पट्टीशेजारी ठेवलं. मग तिने पट्टी उचलून पिशवीत घातली.

"आता नको ती," ती म्हणाली. "हे फूलच मॅडमना दाखवते."

सदरे वेळेवर गेले.

मग पिपितने इस्पितळातली तारीख घेतली. शस्त्रक्रियेच्या सकाळी एंतिन घाबरली होती. देदेन बेकासीहून आला होता आणि आईपेक्षा जास्त घाबरला होता. पिपितने त्याला बाहेर चहा प्यायला पाठवून दिलं. आधी एकाच डोळ्याची करायची होती. आत गेल्यावर एंतिनला फक्त उजेड दिसला, आणि डॉक्टरीणबाई कुणाला तरी घरी कोंबडी किती वेळ शिजवायची ते सांगत होती, ते ऐकू आलं. कोंबडी शिजायच्या आत बाईंनी सांगितलं, झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. नर्सने विचारलं, "काय दिसतंय, आजी?"

एंतिन नर्सकडे बघत होती. नर्सच्या हातांत निळे हातमोजे होते. निळे! तिला वाटलं, कुणीतरी त्या मुलीचे हात नीळ घातलेल्या पाण्यात बुडवून काढलेत. भिंत पांढरी होती. चादर पांढरी होती. कितीतरी दिवसांत तिने पांढरं असं काही पाहिलंच नव्हतं. सगळ्या जगाला चहाचा डाग पडला होता आणि तिला वाटत होतं, जगच जुनं झालं.

"मोजे दिसतायत," ती म्हणाली आणि रडायला लागली. नर्स घाबरून म्हणाली, रडू नका, डोळा ओला करायचा नाही. मग एंतिन रडायची थांबली आणि तिला हसू आवरेना.

घरी आल्यावर मात्र वेगळाच तमाशा झाला. तिने दारातच उभं राहून विचारलं, "ही भिंत कुणी हिरवी केली?"

"तुम्हीच, एमा. गेल्या ईदच्या आधी. मलईचा रंग म्हणून तुम्हीच डबा निवडलात."

"आणि तू रंगवू दिलीस?"

"भिंतीचं काय, भिंत कुठे बिल्ला आहे?"

"आणि माझी ही काळी ओढणी? जी मी सगळ्या मयतांना घालून जाते?"

पिपितने ओठ चावले. "ती निळी आहे. गडद निळी. मोरासारखी."

एंतिन खुर्चीत बसली. "हाजी ओमोच्या बायकोच्या मयताला मी मोर होऊन गेले होते," ती म्हणाली, आणि पिपितला पोट धरून खाली बसावं लागलं. मग न्हाणीघरातल्या कोपऱ्यांतलं शेवाळ दिसलं, भांड्यांच्या बुडाची काजळी दिसली, आणि आरशात स्वतःच्या सुरकुत्या दिसल्या. तिने आरशाकडे पाठ केली. "हे काही काढायला नको होतं," ती म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी, घरात कुणी नसताना, ती मशीनच्या खोलीत गेली. मांडणीवरून तिने दोन रीळं काढली. एक गोकर्णीचं निळं, आणि एक ते जांभळं, जे तिने "हा" म्हणून दिलं होतं. दोन्ही घेऊन खिडकीशी बसली. बरा झालेला डोळा तिने तळहाताने झाकला. दोन काळपट रीळं, एकसारखी. वेगळी सांगणाऱ्याला तिने अजूनही खोटं म्हटलं असतं. मग तो डोळा उघडला आणि दुसरा झाकला. एक गोकर्णीचं फूल, आणि एक वांगं.

पुन्हा झाकला, पुन्हा उघडला. कितीतरी वेळ ती तेच करत राहिली. तिची नजर खोटी नव्हती, खरंच तसंच दिसत होतं. आणि सून खोटी नव्हती, खरंच तसं नव्हतं. आई ओसरीवर बसून विचारायची, कोण गं? तिलाही कुणीतरी असं नेलं असतं तर. इस्पितळातल्या नर्सने बजावलं होतं म्हणून ती रडली नाही. जांभळं रीळ उचलून नीट जागेवर ठेवलं. कुणाला तरी कधी वांग्याचा रंग लागेलच.

त्यानंतर अंगणातला बाक थोडा लांब करून घेतला. आता तिथे दोघी बसतात. लोक अजूनही चेउ एंतिनकडेच येतात, पण ती आधी पिपितकडे बघते.

परवा पांगांदारानच्या मच्छीमार संस्थेचा माणूस आला होता. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने विटलेलं जुनं निशाण त्याच्या हातात होतं. त्याला नव्या टोप्यांवर तोच हिरवा हवा होता, पण विटण्याआधीचा. दोघींनी निशाण उलटंपालटं केलं. पिपितने शिवणीच्या आतला भाग उसवून बघितला, तिथे रंग जरा टिकला होता. एंतिनने ते तोंडाजवळ नेऊन बघितलं. मग दोघींनी एकमेकींना न दाखवता एकेक रीळ काढलं आणि एकदम बाकावर ठेवलं.

दोन हिरवे. वेगवेगळे.

"तुमचा जास्त निळा आहे, एमा."

"तुझा जास्त पिवळा आहे, नेंग. समुद्रावरचा हिरवा आहे, तळ्यातला नव्हे."

"शिवणीच्या आत बघा ना नीट."

"बघितलं! तूच उन्हात धरून बघ."

मच्छीमार एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. इरोहने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "बसा, याला वेळ लागतो." दोघी निशाण घेऊन सावलीत गेल्या, उन्हात आल्या, पुन्हा सावलीत गेल्या. एंतिनने शिवणीच्या आतली घडी बोटाने उकलली आणि बरीच निरखून बघितली. तिने आपलं रीळ उचलून मांडीवर घेतलं.

"लाव तुझंच," ती म्हणाली. "पण भाव खाऊ नकोस. माझा एक डोळा अजून व्हायचाय."